प्रथमच स्वतःची कहाणी सांगणाऱ्या ताईंसाठी

ताई, येत्या बैठकीत आपण प्रथमच स्वतःची कहाणी सांगणार आहात, म्हणून काही सुचवावेसे वाटते. सुरुवात 'मी फार सोसले' अशी न करता एखाद्या ठरावीक काळापासून करावी. 1972 चा दुष्काळ, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप किंवा 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेले पाणी, यांपैकी काही उच्चारले की मराठवाड्यातल्या माणसाला त्या वेळचे आपले घर आठवते आणि तो मन लावून ऐकू लागतो.

संकट आणि यश यांमधला काळ बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. माझ्या मते ऐकण्यासारखे खरे तिथेच असते: सावकाराचे व्याज कसे फेडले, ऊसतोडीला जाताना मुले कोणाकडे ठेवली, बचत गटाचे पहिले कर्ज कशासाठी घेतले, सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी तलाठ्याकडे किती खेटे घातले. ज्यांनी हात दिला त्यांचा उल्लेख अवश्य करावा. मात्र मुलीच्या सासरची किंवा दिराच्या व्यसनाची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय सांगू नये, कारण लहान गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. एखादे दुःख अजून ताजे असेल, तर तो भाग वगळण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. बोलताना रडू आले तर थांबावे. उरलेले पुढच्या बैठकीत सांगितले तरी चालते.