अमेरिकेचं 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च शौर्यपदक दोनदा मिळवणारा पहिला सैनिक कोण?

थॉमस कस्टर. लिटल बिगहॉर्नच्या लढाईमुळे गाजलेल्या जॉर्ज कस्टर या घोडदळाच्या अधिकाऱ्याचा धाकटा भाऊ. थोरल्याच्या गाजावाजात बिचारा झाकला गेला.

ओहायोचा हा पोरगा १८६१ मध्ये, अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा, सोळाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून उत्तरेच्या पायदळात भरती झाला. पुढे अधिकारी होऊन भावाच्या घोडदळात आला. दोन्ही पदकं एप्रिल १८६५ मधली, तीही अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने: ३ तारखेला नामोझीन चर्चपाशी आणि ६ तारखेला सेलर्स क्रीकला. दोन्ही वेळा त्याने शत्रूचा झेंडा हिसकावला. सेलर्स क्रीकला तर झेंडेकऱ्याने अगदी जवळून तोंडावर गोळी झाडली. ती गालातून शिरून कानामागून बाहेर पडली, तरी गड्याने झेंडा सोडला नाही. वर पुन्हा लढायला निघाला. शेवटी भावाने अटकेची तंबी देऊन त्याला डॉक्टरकडे धाडलं म्हणतात!

एक मात्र आहे. तेव्हा दुसरं शौर्यपदक नव्हतंच, त्यामुळे झेंडा पकडल्याबद्दल हे पदक बऱ्याच जणांना मिळालं.

२५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत, लाकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांसमोर, तो कॅप्टन असताना मारला गेला. वय ३१. जॉर्ज आणि बोस्टन हे दोन भाऊही तिथेच पडले. थॉमसचं प्रेत ओळखू आलं ते हातावरच्या गोंदणामुळे.