विहिरीत सूर मारणारा गडी स्कूबाला का घाबरतो?

प्रश्न: ताई नमस्कार, मी परभणीकडचा, वय 29. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, आता कठड्यावरून सूर मारतो. मित्रांसोबत तारकर्लीला स्कूबाचा, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली जायचा, कोर्स लावला, अजून टँकमधलीच प्रॅक्टिस होती पण मास्कमध्ये पाणी शिरलं की जीव नुसता घाबरा व्हायलाय, श्वास घ्यायचा तोंडातला रेग्युलेटर थुंकून वर पळालो. मित्र हसायलेत. डिसेंबरात परत बोलवलंय, जाऊ का पैशावर पाणी सोडू?

उत्तर: जा की दादा, पण तसंच नका जाऊ.

तुम्हाला चांगलं पोहता येतं म्हणूनच हे जड जायलंय. विहिरीत आपण काय करतो, छाती भरून घ्यायची, श्वास कोंडायचा, तळ गाठून वर यायचं. स्कूबात नेमकं हेच करायचं नसतं. 10 मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो, तिथं सिलिंडरमधून घेतलेला श्वास कोंडून कुणी वर पळालं तर तीच हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं, टँकच्या दोन-तीन मीटरलाही ही रिस्क आहेच. विहिरीत असं होत नाही, कारण तिथं हवा वरूनच भरून नेलेली असते.

म्हणून घाबरलात की पहिलं काम, जागेवर थांबा आणि श्वास सोडा, सावकाश, घ्यायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावून. भीतीनं माणूस वरवर भराभर श्वास घेतो, आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही आणि सिलिंडर भरलेलं असून हवा पुरेना असं वाटायला लागतं.

आता मास्क. पाणी नाकाला लागलं की गुदमरल्यासारखं होणारच, पण श्वास तर तोंडानं चालू असतो ना, हे डोक्याला कळतं, नाकाला कळत नाही, त्याला सवय लावावी लागते. एक स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, घ्या आणि घरीच बादलीत तोंड बुडवून मास्क न लावता त्या नळीनं श्वास घ्या. सुरुवातीला ठसके लागतील, घरच्यांना वाटेल पोराला काय झालं, लागू द्या, फक्त कुणीतरी जवळ असू द्या. मग टँकमध्ये कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यावर बसून मुद्दाम मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं, वरची कड कपाळाशी दाबायची, मान जरा वर आणि नाकानं फुंकर. पाणी खालून निघून जातं. कंटाळा येईस्तोवर करा.

इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा की मास्कला घाबरतो, लपवू नका. खुणा पक्क्या करा, अंगठा वर केला की आपण व्हॉट्सॲपवर 'मस्त' समजतो, पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा असतो, आणि तो कुणीही, कधीही, कारण न देता दाखवू शकतो. मेडिकल फॉर्मवर दमा, हार्टचं काही, पॅनिक अटॅक, चालू गोळ्या, सगळं खरं लिहा. धीर यावा म्हणून दारू किंवा झोपेची गोळी तर अजिबात नको.

बेसिक कोर्सला साधारण 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं मागतात, ते तुम्ही हसत कराल. मित्रांच्या बॅचसोबतच उतरायला पाहिजे असंही काही नाही, वेगळं सेशन मागा. डिसेंबरात मास्क नाहीच जमला तर फेब्रुवारी-मार्चची तारीख घ्या, तिकडं पावसाळ्यातच काय ते बंद असतं.