गिअरची मूठ : आधी वजन, मग आटे, शेवटी रूप

प्रश्न : माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. गाडी दिसायला घरगुती असली, तरी तवंदी घाटात किंवा चोर्ल्याच्या वळणांवर ती स्पोर्ट्‌स कारसारखीच पळते. गिअरच्या मूळ मुठीवरचे आवरण आता सुटले आहे. अर्धा किलो वजनाची स्टीलची मूठ बसवली, की गिअर लोण्यासारखे पडतात, असे मित्र सांगतात. हे खरे आहे काय? सकाळी दुसरा गिअर टाकताना होणारी खरखर त्याने थांबेल काय? कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. हाताने दांड्याला दिलेला वेग मुठीचे वजन टिकवून धरते, त्यामुळे सिंक्रोनायझरची (गिअर आणि त्याच्या शाफ्टचा वेग जुळवणाऱ्या भागाची) रिंग ज्या क्षणी गिअरला अडवते, तेथे हा साठलेला जोर उपयोगी पडतो आणि हाताला अडथळा कमी जाणवतो. होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप आरमध्ये गोल मुठीऐवजी थेंबाच्या आकाराची मूठ दिली, तेव्हा तिच्या आत ९० ग्रॅमचे वजन घातले. एवढ्या नावाजलेल्या गाडीला कंपनीने ९० ग्रॅम पुरेसे मानले, हे अर्धा किलोचा मोह होईल तेव्हा आठवावे.

५० मिमी व्यासाचा भरीव गोळा डेलरिनचा (एका टणक प्लॅस्टिकचा) केला तर सुमारे ९० ग्रॅम, ॲल्युमिनियमचा केला तर १७५ आणि स्टेनलेस स्टीलचा केला तर ५०० ग्रॅमच्या वर भरतो. आपल्या गाडीला २०० ते २५० ग्रॅम पुष्कळ झाले, असे माझे मत आहे. त्याहून जड मूठ वीस वर्षांहून जुन्या लिंकेजवर (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यांवर) बसवली, तर त्यातील झिजलेल्या बुशांमुळे (सांध्यांत बसवलेल्या छोट्या नळ्यांमुळे) खडबडीत रस्त्यावर दांडा डुलतो आणि खडखडतो. शिवाय गिअर कुठे अडतो आहे हे तळहाताला कळायचे बंद होते. म्हणून मूठ घेण्यापूर्वी बुश तपासून घ्यावेत. ते सैल असतील, तर तेवढेच बदलून दांड्यात जो नेमकेपणा येतो, तो कोणतीही मूठ देऊ शकत नाही.

सकाळच्या खरखरीचा मुठीशी संबंध नाही. गिअर ऑइल जुने झाले असेल, क्लच पूर्ण सुटत नसेल किंवा दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असेल. जड मुठीने गिअर रेटून बसेल खरा, पण दुखणे झाकले जाईल आणि रिंग आणखी झिजेल.

उंचीकडे सहसा कोणी पाहत नाही. तळहातापासून दांड्याच्या खालच्या टेकूपर्यंत २५० मिमी अंतर असेल आणि नवी मूठ २५ मिमी खाली बसली, तर हाताची हालचाल दहा टक्क्यांनी कमी होते, मात्र जोर तितकाच, किंबहुना किंचित जास्तच वाढवावा लागतो. आखूड हालचाल हवी असणाऱ्याला हे आवडेल. बेळगावच्या बाजारपेठेतील गर्दीत रोज गिअर बदलणाऱ्याला आवडेलच असे नाही.

आता आटे. होंडाच्या दांड्यावर १० मिमी व्यासाचे, १.५ पिचचे (लगतच्या दोन आट्यांतील अंतर १.५ मिमी) आटे असतात, तर माझदाच्या एमएक्स-५ वर व्यास तोच, पण पिच १.२५ असतो. चुकीची मूठ पहिले एकदोन फेरे फिरते, मग घट्ट होते आणि पान्याने रेटली की दांड्याचेच आटे जातात. म्हणून आधी दांड्यावर १.५ पिचचा साधा नट हाताने फिरवून पाहावा. तो शेवटपर्यंत सहज गेला, तर शंका नको.

आपल्या भागात तयार मुठीपेक्षा चांगला मार्ग आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे कुशल टर्नर मिळतात. त्यांच्याकडून ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा गोळा करून त्यात २० मिमी व्यासाचा, ३५ मिमी लांबीचा पितळी बुश दाबून बसवावा आणि आटे त्या पितळेत पाडावेत. वजन २२० ग्रॅमच्या आसपास येते. नुसत्या ॲल्युमिनियममध्ये पाडलेले आटे मूठ वारंवार काढल्या-घातल्याने झिजतात. टर्नरकडे जाताना नमुन्यासाठी जुनी मूठ न्यावी. खाली लॉकनट ठेवावा, म्हणजे मूठ हव्या त्या कोनात थांबते. कायमचा चिकटवणारा द्रव वापरू नये.

पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत करून घेऊ नये. पावसाळ्यात ओल्या हातातून तो निसटतो आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चटका देतो. बारीक मॅट फिनिश बरे. चामड्याचा स्पर्श सुखद असला, तरी खानापूरकडच्या ओलाव्यात बंद गाडीत त्यावर बुरशी धरते, हे निपाणीकरांना कदाचित ठाऊक नसेल.

प्रश्न : माझ्या आय-२० एन लाइनला (सहा गिअर, मॅन्युअल) अशीच गोल मूठ बसेल काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या गाडीत रिव्हर्स टाकण्यासाठी मुठीखालची रिंग वर उचलावी लागते, त्यामुळे नुसता गोळा चालणार नाही. रिंगला वर सरकायला पूर्ण जागा सोडणारा ॲडॅप्टर हवा. तो बसवल्यावर इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून रिव्हर्स दहा-बारा वेळा टाकून पाहावा; रिंग एकदाही अडकली, तर मूळ मूठच परत लावावी. गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ मूठ जपून ठेवणे श्रेयस्कर.