चिखल वाचायचा म्हणतेय मुलगी

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे, गुण चांगले आहेत. पीटच्या दलदलींवर एक माहितीपट पाहिला, तेव्हापासून ‘माणसाने पृथ्वीचं काय केलं ते त्या चिखलात साठलंय, मला तेच शिकायचंय’ असा धोशा लावलाय. यात खरंच काही विज्ञान आहे का? आणि पुढे पोटापाण्याचं काय? – एक वडील

उत्तर : पोटापाण्याची काळजी रास्त आहे. विज्ञानाची मात्र करू नका, ते भरपूर आहे.

थंड, ओलसर प्रदेशातल्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. तिथल्या आम्लयुक्त, प्राणवायू नसलेल्या पाण्यात ते धड कुजत नाही. त्याचे थरावर थर साचत जातात, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर; हेच पीट. काही दलदलींना पाणी मिळतं ते फक्त पावसाचं. तिथे सापडणारं शिसं म्हणजे धुळीबरोबर आणि पावसातून आकाशातून पडलेलं. स्वित्झर्लंडमधल्या एतां द ला ग्रुएर इथल्या दलदलीतून शिशाची १४ हजारांहून अधिक वर्षांची नोंद मिळाली. तो अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोमन काळातलं खाणकाम त्यात दिसतं, औद्योगिक क्रांती दिसते आणि शिसेयुक्त पेट्रोलचा धूरही. समस्थानिकांच्या, म्हणजे शिशाच्याच वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या, प्रमाणावरून हे शिसं मातीतून आलं, खाणीतून की पेट्रोलमधून, याचा माग काढता येतो. तुमची मुलगी भारावली यात नवल नाही.

पण माहितीपटात गमबूट दिसतात, नंतरचे महिने दिसत नाहीत. कोरर, म्हणजे नमुना काढायची पोकळ नळी, दाबून तपकिरी, तंतुमय पीटचा लांबट तुकडा काढायचा, त्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या करायच्या, प्रत्येक चकती वाळवून, आम्लात विरघळवून त्यातले धातू मोजायचे. त्या काळी आसपास काय उगवत होतं हे कळायला पराग पाहायचे असतील तर एकेका नमुन्यात तीनशे-चारशे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखत बसायचं. वय ठरवायला किरणोत्सारी कार्बन, वरच्या दीडेकशे वर्षांसाठी शिसे-२१० हे शिशाचं किरणोत्सारी रूप. मग संगणक आणि संख्याशास्त्र. चिकाटी नसेल तर हे काम जाच वाटेल, हे तिला आत्ताच सांगा.

खास दलदलींची पदवी शोधत बसू नका. रसायनशास्त्र, भूविज्ञान किंवा वनस्पतिशास्त्र यांपैकी एक पक्कं करायचं; दलदल पदव्युत्तर संशोधनात येते. माझं मत विचाराल तर रसायनशास्त्र, कारण सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजता येणाऱ्या माणसाला पाणी, माती, औषधं, अन्न, सगळीकडे काम असतं. निव्वळ पीटवर जगणाऱ्या प्राध्यापकीच्या जागा मोजक्याच असतात, ते खरं. मात्र पीटभूमी जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के असूनही सगळ्या जंगलांतल्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन धरून आहे. त्यामुळे कोरड्या पाडलेल्या दलदली पुन्हा भिजवणं आणि त्यांतला कार्बन मोजणं, हेही आता या शिक्षणाचं एक क्षेत्र झालं आहे.

प्रवेशाआधी एक करा. एखाद्या वनस्पतिशास्त्र विभागात विनंती करून तिला दोन तास परागकण मोजायला बसवा. कंटाळली, तरी धातूंची वाट मोकळी आहेच. उठायलाच तयार नसेल, तर मात्र वनस्पतिशास्त्राला नाही म्हणू नका, माझं मत काहीही असलं तरी.