सदस्या गप्प, पती बोलके

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत निम्म्या सदस्या महिला आहेत, पण सभेत त्यांचे पतीच बोलतात. जनजागृतीने हे बदलेल का?

उत्तर : महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत, मात्र आरक्षणाने जागा मिळते, बोलण्याचा सराव नव्हे. पथनाट्ये आणि फलकांपेक्षा (त्यांनी कोणाचीच अडचण होत नाही, म्हणून फारसे बदलतही नाही) महिला ग्रामसभेवर भर द्यावा, असे माझे मत आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी ती घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिची तारीख आणि विषय बचत गटांच्या बैठकीत आधीच सांगितले, वेळ महिलांच्या सोयीची ठेवली आणि पाणी, अंगणवाडी, रस्ता यांविषयीच्या मागण्या ठराव म्हणून लिहून घेतल्या, तर ग्रामसभेत त्या मांडणारी सदस्या एकटी उरत नाही. पती मतदार म्हणून ग्रामसभेत बोलू शकतात. पंचायतीच्या मासिक सभेत सदस्येच्या जागी बसण्याचा अधिकार त्यांना नाही, हेही गावाला सांगावे.