डबा म्हणजे नुसतं भांडं नव्हे

मराठी नुकतंच शिकायला घेतलंय ना, मग डबा हा शब्द आधी नीट पक्का करा, कारण झाकणाचं भांडं एवढाच अर्थ धरून बसलात तर रोजच्या बोलण्यात अडखळाल. ऑफिसात कोणी विचारलं 'आज डबा आणलास का' तर तो जेवणाबद्दल विचारतोय, आणि 'डबा खाल्ला' असं पण सर्रास म्हणतात. 'डबा लावलाय' म्हणजे महिन्याच्या हिशोबाने बाहेरून घरगुती जेवण सुरू केलंय, हा वापर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो नुसत्या शब्दांवरून कळतच नाही. ट्रेनचा पण डबाच, लेडीज डबा वगैरे. आकाराने लहान असली की डबी, जुनाट, चेपलेलं असलं की डबडं, आणि सारखी बंद पडणारी गाडी असेल तर वैतागून तिलाही डबडंच म्हणतात.

लिंग मात्र सांभाळा, तो डबा, ती डबी, ते डबडं. 'डबामध्ये' नको, 'डब्यात' म्हणा. अनेक असले तर डबे, 'डब्या' म्हणालात की ऐकणाऱ्याला छोट्या डब्या वाटणार. आणि हो, लोणच्याची ती काचेची किंवा चिनीमातीची असते ना, ती बरणी, तिला डबा म्हणू नका.