सूर-सवाल : डावा हात भाता शोधतोय

प्रश्न : सर, नमस्कार. मी बारावीला आहे. वडिलांच्या पेटीवर हात बसला, आता 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घेतलाय. सी, एफ, जी, ए मायनर हे कॉर्ड (एकत्र दाबायचे तीन-तीन सूर) पाठ आहेत. पण एकामागून एक वाजवले की दर वेळी हात उडी मारतो आणि सगळं तुटक वाटतं. भजनात तर कधी कधी चक्क बेसूर वाटतं. दमदार कॉर्ड प्रोग्रेशन कसं बसवायचं? इकडं पियानोचा क्लास नाही.
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : पेटीवाल्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे बघ. पेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला, सगळा संसार उजव्याच्या गळ्यात. मी लातूरला पहिल्यांदा कीबोर्डवर बसलो तेव्हा माझा डावा हात पाच मिनिटं हवेत भाता शोधत होता. तुझाही मांडीवर पडून असणार.

आधी ऑटो-रिदम (कीबोर्डचा आपोआप वाजणारा ताल) बंद कर. ट्रान्सपोजलाही (सगळ्या पट्ट्यांचे सूर वर-खाली सरकवणारं बटण) हात लावू नको. पांढरी एकचा सा धर, म्हणजे तुझा सी. आता उजव्या हातानं सा-ग-प दाब. अंगठा सा वर, करंगळी प वर. पुढचा कॉर्ड ए मायनर, म्हणजे ध-सा-ग. तू बहुतेक हात उचलून ध वर नेतोस. नेऊ नको. सा आणि ग हाताखालीच आहेत की! फक्त करंगळी प वरून ध वर सरकव : सा-ग-ध. झाला कॉर्ड. आता नुसता ग उचलून शेजारच्या म वर : सा-म-ध. हा एफ. मग अंगठा सा वरून खाली नी वर आण, ध परत प वर, मधला म तसाच (त्याच्यावर आता अनामिका येईल) : नी-म-प. हा जी सेव्हन, म्हणजे जी कॉर्डमध्ये म मिसळलेला. यातला रे गाळलाय, पण कानाला त्याची उणीव भासत नाही. शेवटी नी सा वर, म ग वर, आणि तू परत घरी. चार कॉर्ड झाले, मनगट जागचं हललं नाही.

त्या शेवटच्या वळणावर जरा थांब. म आणि नी एकत्र टोचतात, कानाला स्वस्थ बसू देत नाहीत. मग नी अर्धा सूर वर सा ला भेटतो आणि म अर्धा सूर खाली ग ला. तू ज्याला दम म्हणतोस तो मोठ्या आवाजात नाही, या दोन अर्ध्या पावलांत आहे. पंधरावीस वेळा नुसतं तेवढंच वाजव.

आता डाव्याला कामाला लाव. खर्जात एकेकच सूर : सा, ध, म, प. वर उजवा जागच्या जागी, खाली डावा चालतोय. कॉर्डची नावं तीच राहिली, तरी गाणं भरलेलं वाटेल.

भजनाचं मात्र वेगळं आहे. औसा तालुक्यातल्या एका सप्ताहात मी भूप रागातल्या अभंगाला ऐटीत एफ लावला. बुवांनी गाता गाता मान वळवून असं पाहिलं की पुढचे दोन अभंग मी नुसता सा-प धरून बसलो. भूपात म नाही, नी नाही. एफमध्ये म आला आणि जीमध्ये नी. सा-ग-प आणि ध-सा-ग मात्र पूर्ण भूपातले, त्यांच्यावर निभावून ने. तेव्हा रागाचे सूर आधी मोज, कॉर्ड मग निवड.

आणखी एक. कीबोर्डचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं, त्यामुळं त्याचा शुद्ध ग तंबोऱ्यातून कानावर येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. (1940 साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, त्यामागं हीही तक्रार होती.) बुवा ग वर ठेहराव घेत असतील तेव्हा तुझ्या कॉर्डमधला ग सरळ उचल, सा-प राहू दे.

लाइट गेली तर वडिलांची पेटी काढ. सा-ग-ध, सा-म-ध हे उजव्याचे बदल तिच्यावरही बसतात, डावा बिचारा परत भात्याला.